रकान्याबाहेरचं दुःख

शेतकऱ्याने आत्महत्या केली की वऱ्हाडात कागद भराभर हलू लागतात. पोलिसांचा पंचनामा, तलाठ्याचा अहवाल, सातबारा, थकबाकीचा दाखला. जमीन कुटुंबातल्या कुणाच्या नावावर आहे का, कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून जिल्हा समिती प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवते. पात्र ठरलं तर एक लाख रुपये. त्यातले ३० हजार हाती, उरलेले ७० हजार ठेवीत. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतल्या अशा मृत्यूंची नोंद अमरावतीचं विभागीय आयुक्तालय २००१पासून ठेवत आलं आहे.

या सगळ्या धावपळीत घरातली बाई गप्प असते, असा एक समज आहे. तो खरा नाही. ती तलाठ्याला सांगते, ठाणेदाराला सांगते, पत्रकाराला, संशोधकाला, दारात आलेल्या पुढाऱ्याला सांगते. एकर किती, कर्ज किती, त्या दिवशी घरी कोण होतं. विचारणारा बदलतो, प्रश्न तेच राहतात. काय सांगायचं आणि कुठे थांबायचं, हे मात्र तिच्या हातात कधीच नसतं.

कलेच्या साहाय्याने मानसिक उपचार, म्हणजेच आर्ट थेरपी, हा विषय वऱ्हाडात आणायचा तर तो या ठिकाणाहून आणावा लागेल. नाहीतर रंगपेटी आणि मंडलाच्या वह्या वाटून फोटो काढण्याचा आणखी एक कार्यक्रम तेवढा पदरात पडेल.

या उपचाराचं इंग्रजी नाव रूढ झालं १९४२च्या सुमारास, एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकारामुळे. क्षयरोगाच्या सॅनटोरियममध्ये पडल्या पडल्या तो चित्रं काढू लागला आणि शेजारच्या रुग्णांनाही त्याने त्या नादाला लावलं. त्याच वर्षांत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार नाझींच्या तेरेझीन छावणीत मुलांना चित्रं काढायला शिकवत होती. १९४४मध्ये तिला ऑश्विट्झला नेऊन मारलं. मुलांची साडेचार हजारांच्या आसपास चित्रं मागे राहिली. तिची शिष्या एडिथ क्रेमर पुढे अमेरिकेत या शाखेच्या संस्थापकांपैकी एक झाली.

प्रत्यक्षात काम चालतं ते अगदी साधं दिसतं. कागद, तेलखडू, नाहीतर मातीचा गोळा. उपचारक समोर न बसता शेजारी बसतो. “हे काय काढलंस?” असं विचारत नाही, कारण तीही चौकशीच झाली, “याबद्दल काही सांगावंसं वाटतं का?” एवढंच विचारतो. एखादं मूल घर काढून त्यावर काळा खडू गच्च फिरवतं आणि उठून जातं. त्या दिवशी तेवढंच. अर्थ लावायची घाई नाही, शाबासकी नाही, आणि ते चित्र मुलाच्या परवानगीशिवाय भिंतीवर लागत नाही. भीषण प्रसंगाची आठवण पुष्कळदा सलग गोष्टीसारखी येत नाही. एखादा वास, एखादा आवाज, अंगणातली एखादी जागा अशी तुकड्यातुकड्यांनी येते. तोंडाने सांगायचं तर आधी तिला क्रम लावावा लागतो. कागदावर क्रमाची सक्ती नसते, आणि आत होतं ते हातभर लांब ठेवून बघता येतं.

वऱ्हाडाला सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र चित्राचं नाही, नाटकाचं आहे. श्याम पेठकरांनी लिहिलेला आणि वर्ध्याच्या हरीश इथापे यांनी बसवलेला ‘तेरवं’ हा दीर्घांक. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरातल्या बायकाच त्यात रंगमंचावर उभ्या राहिल्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरच्या वैशाली येडे त्यांच्यापैकी एक. ११ जानेवारी २०१९ला यवतमाळच्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते झालं. इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी दिलेलं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतल्यावर निर्माण झालेल्या पेचातून ही निवड झाली होती. पेच कुणाचा आणि निभावून नेलं कुणी, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही. पण रंगमंचाची सवय झालेली बाई त्या गर्दीसमोर कशी उभी राहते, ते महाराष्ट्राने पाहिलं.

‘तेरवं’ला थेरपी म्हणावं का? काटेकोरपणे पाहिलं तर नाही. उपचाराची खोली बंद असते, तिथलं तिथेच राहतं. नाटकाला तिकीट असतं, टाळ्या असतात. रोज तीच जखम उघडायची, तीही शहरी प्रेक्षकांसमोर, हे बाईला बरं करतं की पुन्हा दुखावतं, ही शंका रास्त आहे. तरीही पंचनामा आणि प्रयोग यांत एक मोठा फरक उरतो. प्रयोगात तालीम असते. वाक्य बदलता येतं, गाळता येतं, दुसरीच्या तोंडी घालता येतं. शेजारी तशाच घरातून आलेली बाई उभी असते, आणि पडदा पडल्यावर सगळ्या मिळून चहा पितात. तहसील कार्यालयात यातलं काहीच मिळत नाही.

दुःखाला असा आकार द्यायची वऱ्हाडाला सवय नव्हती असं नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मुली घरोघरी गाणी म्हणतात, शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा खेळ होतो. गाण्यांत सासू, नणंद, न येणारं माहेर; जे घरात बोलायची सोय नाही ते टाळ्यांच्या ठेक्यावर खुशाल म्हणून टाकायचं. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकूंमध्ये, गेलेल्या माणसासाठी लाकडी मुंडा उभा करतात. फळीवर चंद्र-सूर्य आणि घोडेस्वार कोरलेले असतात. त्यासाठीचा सिडोलीचा विधी मृत्यूनंतर लगेच होईलच असं नाही. ऐपत आली की करायचा, मग वर्षं लोटली तरी चालेल. शोकाला मुदत नाही, ही समज त्यात आहे. अर्थात जुनं ते सगळं सोनं मानायचं कारण नाही. भुलाबाईची गाणी कुवार मुलींची. नवरा गेलेल्या तिशीच्या बाईला हळदीकुंकवालाही बोलावत नाहीत, तिने म्हणायची गाणी कुठली?

कलोपचाराने काय होत नाही, तेही सांगायला हवं. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत (२०१२) गटातल्या कलोपचाराने नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. औषधाच्या जागी खडू देणं हा गुन्हाच ठरेल. कर्जाच्या जागी खडू देणं त्याहून वाईट. पऱ्हाटीवर बोंडअळी पडली आणि भाव पडला तर कुठल्याही रंगाने हिशेब जुळत नाही.

मग आधार कशाचा? अमरावती जिल्ह्यातल्याच ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवला गेला. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त त्याचे निष्कर्ष मांडले: नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, तेही दीड वर्षात. काम केलं ते बहुतांशी गावातल्याच, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी. अवघड रुग्ण तेवढे मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. प्रकल्पाच्या पूर्ण इंग्रजी नावातही आजार नव्हता, ताण (‘स्ट्रेस’) होता. सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात १४ जिल्ह्यांतल्या आशाताईंना हाच ताण घरोघरी ओळखायला शिकवलं गेलं. कलेचं काम उभं राहायचं तर ते या साखळीत एक कडी म्हणून.

ती कडी कोण होणार? मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने ‘कोलकाता संवेद’बरोबर नृत्य-हालचाल उपचाराचा पदविका अभ्यासक्रम चालवला, पण अकोट किंवा दर्यापूरहून तिथे जाणार किती? इथल्या शाळांत चित्रकलेचे शिक्षक आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी मुलं त्यांच्याकडे येतात, कारण दहावीला गुण वाढतात. त्या तासाला संकल्पचित्राची रेघ सरळच लागते आणि स्थिरचित्रातल्या माठाची सावली नेमकी पडावी लागते. बाप गेलेलं एखादं मूल त्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेलं असतं. या शिक्षकांपैकी ज्यांना रस आहे त्यांना जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाबरोबर काही महिने बसवता येईल. श्रेणी न देता चित्र कसं पाहायचं, केव्हा काहीच विचारायचं नाही आणि कुठल्या खुणा दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, हे शिकवता येईल. खर्च कागद-खडूंचा आणि प्रवासभत्त्याचा. प्रवासभत्त्याची फाइल कोणत्या टेबलावर अडेल, हे शिक्षकांना आधीच ठाऊक आहे.