दाढेची जागा गेली कुठे?

अक्कलदाढ म्हणजे उत्क्रांतीने मागे सोडलेली अडगळ, त्रास होण्याआधीच चारही काढून टाका, असं सांगणाऱ्या चित्रफिती हल्ली अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या मोबाइलवर सतत येतात. कोसा रेशमाच्या विणकामासाठी ओळखलं जाणारं मोहाडी तालुक्यातलं आंधळगावही याला अपवाद असण्याचं कारण नाही. तिथल्या मुलाचा गाल सुजला, भंडाऱ्याला किंवा नागपूरला जाऊन त्याने ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला, की फोटोत खालची दाढ आडवी पडलेली दिसते. मग ‘पूर्वजांचा जबडा मोठा होता, आपला लहान झाला’ हे वाक्य निदान म्हणून त्याच्या हाती पडतं. वाक्य अर्धं खरं आहे. पण त्याच्या जोरावर हाड कापायचं ठरत असेल, तर उरलेलं अर्धं विचारायलाच हवं. जबडा लहान झाला तो कधी? दहा हजार वर्षांत, की याच मुलाच्या पहिल्या पंधरा वर्षांत?

दुखऱ्या दाढेची ओळख जुनीच. सुश्रुतसंहितेतल्या मुखरोगांत जबड्याच्या शेवटच्या दाढेपाशी येणारी मोठी सूज, ठणका आणि लाळ यांचं वर्णन ‘अधिमांस’ या नावाने येतं, आणि ते वाढलेलं मांस छेदायला सांगितलं आहे. आजचे दंतवैद्य ज्याला पेरिकोरोनायटिस म्हणतात, त्याच्याशी हे चित्र बरंच जुळतं. त्यात पूर्वजांचा उल्लेख नाही. सूज आहे आणि सुजेवरचा उपाय आहे. विसाव्या शतकात विंटर या दंतवैद्याने 1926 मध्ये अडकलेल्या दाढेच्या कलावरून आणि पेल व ग्रेगरी यांनी 1933 मध्ये तिची खोली व मागची जागा पाहून वर्गवारी केली. ती आजही वापरात आहे आणि तिच्याविषयी फारसा वाद नाही.

मागची जागा म्हणजे काय, हे मात्र नीट पाहायला हवं. खालच्या जबड्याचा दात धरणारा आडवा भाग जिथे संपतो, तिथून कानाकडे एक उभा फाटा जातो. मूल वाढतं तसं या फाट्याच्या पुढच्या कडेचं हाड झिजतं आणि मागच्या कडेवर नवं चढतं. अशा रीतीने फाटा मागे सरकतो आणि दातांच्या रांगेला शेपटाकडे जागा मिळते. जबडा मागच्या बाजूला वाढतो, हे शल्यवैद्य जॉन हंटरने 1771 च्या आपल्या ग्रंथातच मांडलं होतं. अक्कलदाढेचा कोंब नेमका या कोपऱ्यात, आठ-दहाव्या वर्षाच्या सुमारास धरतो. सुरुवातीला तो पुढे कललेलाच असतो. जागा होत गेली तर हळूहळू उभा राहतो. फाटा पुरेसा मागे सरकला नाही, तर दाढ तशीच कललेली राहते आणि शेजारच्या दाढेला टेकते. म्हणजे अडकलेली दाढ हा दाढेचा दोष कमी आणि हाडाच्या अपुऱ्या वाढीचा पुरावा जास्त असतो.

आता डार्विन. ‘अडगळ’वाले सगळे त्याच्याच नावाची पावती फाडतात. 1871 च्या ‘द डिसेंट ऑफ मॅन’मध्ये त्याने लिहिलं खरं, की सुसंस्कृत वंशांत अक्कलदाढा अवशेषरूप होण्याच्या वाटेवर आहेत. त्या वाक्यातली वंशांची उतरंड आज कोणी मान्य करणार नाही. पण लगेच पुढे तो कारणही देतो: मऊ, शिजवलेलं अन्न आणि त्यामुळे जबड्याचा कमी झालेला वापर. डार्विनच्या विचारात वापराचा परिणाम पुढच्या पिढीत उतरू शकत होता, म्हणून अन्न आणि आनुवंशिकता या दोन गोष्टी त्याला वेगळ्या करायची गरज वाटली नाही. पुढे जीवशास्त्रज्ञ वाइजमनने मिळवलेल्या गुणांची आनुवंशिकता मोडीत काढली. माझ्या मते घोळ इथे झाला. ‘वापर’ ही कल्पना आनुवंशिकतेतून बाहेर पडली, तशी ती दाढेच्या कथेतूनही गळून पडली. उरलं फक्त ‘अवशेष’. जबडा पिढ्यानपिढ्या आपोआप आखडत आला, त्याला इलाज नाही, असा समज पक्का झाला. ज्या वाक्यात ताटातल्या अन्नाचा उल्लेख होता, त्यातून ताटच नाहीसं झालं.

ते परत आणायला जवळजवळ शतक लागलं. ऑस्ट्रेलियातल्या बेग या दंततज्ज्ञाने 1954 मध्ये तिथल्या आदिवासींचे दात दाखवून सांगितलं, की खरखरीत अन्नाने दात एकमेकांना घासून झिजतात आणि त्या झिजेमुळे रांगेत जागा होते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पंजाबातल्या खेड्यांतली आणि चंदीगड शहरातली तरुण मुलं तपासली. लोक तेच, पण शहरातल्यांच्या दातांची ठेवण जास्त बिघडलेली. त्यांनी अक्कलदाढा मोजल्या नव्हत्या, हे खरं; पण खेड्यातून शहरात येण्याएवढ्या थोड्या काळात वंश बदलत नाही, ताट बदलतं. 2004 मध्ये डॅनियल लिबरमन यांच्या गटाने हायरॅक्स या लहान आफ्रिकी प्राण्याला शिजवलेलं मऊ अन्न देऊन वाढवलं. चावताना ताण जिथे सर्वाधिक पडतो, त्या चेहऱ्याच्या खालच्या आणि मागच्या भागाची वाढ सुमारे 10 टक्के कमी भरली. अक्कलदाढेची जागाही तिथेच असते.

आनुवंशिकता बाद झाली, असा याचा अर्थ नाही. काहींना अक्कलदाढेचा कोंबच धरत नाही. जबडा कोणत्या दिशेने वाढतो, यावर तिची जागा ठरते, हे जबड्याच्या वाढीचे अभ्यासक ब्योर्क यांनी 1956 मध्येच दाखवलं होतं. मुद्दा इतकाच, की ‘उत्क्रांती’ हा शब्द उच्चारला की बालपण झाकलं जातं.

आणि झाकलेल्या गोष्टीची किंमत कोणीतरी मोजतं. खालच्या दाढेच्या मुळांखालून खालच्या ओठाला संवेदना देणारी शीर जाते, जिभेच्या बाजूला पातळ हाडापलीकडे जिभेची शीर असते. दाढ काढताना यांना इजा झाली तर ओठ किंवा जीभ बधिर होते, कधी कायमची. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने 2000 मध्ये निरोगी अडकलेल्या दाढा केवळ खबरदारी म्हणून काढणं थांबवायला सांगितलं. अक्कलदाढ पुढचे दात ढकलून वाकडे करते, ही भीतीही तपासण्यांत टिकलेली नाही. उलट बाजूही आहे. कोवळ्या वयात मुळं अपुरी असल्याने शस्त्रक्रिया सोपी जाते, आणि तिरकी दाढ ठेवल्यास पुढे शेजारच्या दाढेला कीड लागू शकते. हे मुद्दे वजनदार आहेत, पण ते त्या-त्या दाढेचे आहेत. त्यांतून चारही दाढा सरसकट काढण्याचा नियम निघत नाही.

दुसऱ्या टोकालाही गैरवापर सुरूच आहे. ‘चावा आणि जबडा रुंद करा’ म्हणत विशीतल्या मुलांना कडक च्युइंगम विकलं जातं. त्या वयात हाडाची वाढ जवळपास संपलेली असते. आणि विदर्भाला चावण्याचं कौतुक कोणी शिकवू नये. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला खर्रा इथे पानठेल्या-पानठेल्यावर चघळला जातो. त्यातल्या सुपारीने गालाच्या आत तंतू घट्ट होत जातात आणि तोंड उघडेनासं होतं. मग दाढ सुजली तरी डॉक्टरला तिथवर हत्यार नेता येत नाही. जबड्याचा व्यायाम हवा तो आठव्या वर्षी, ऊस, फुटाणे आणि शिंगाड्यांनी. अठराव्या वर्षी खर्ऱ्याने नव्हे. भाताच्या या पट्ट्यात मुलांचं मुख्य जेवण मुळात मऊच. त्यावर चहात बुडवलेलं बिस्कीट आलं, की चावायला उरतंच काय?

तेव्हा आईबापांनी मुलाचे दुधाचे दात पडायच्या वयातच त्याच्या ताटाकडे पाहावं. आणि खुर्चीत बसलेल्या तरुणाने डॉक्टरांना एकच विचारावं: माझ्या या दाढेला आज काय झालंय? कीड, पू, गाठ, पुन्हापुन्हा येणारी सूज किंवा शेजारच्या दाढेचं नुकसान, असं उत्तर मिळालं तर दाढ काढा, उशीर करू नका. उत्तर ‘उत्क्रांती’ असं मिळालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.