अर्धं वाक्य

पारसिकच्या बोगद्यात वाक्य अर्धं सोडायची आम्हा डोंबिवलीकर बायकांची रीत होती. सकाळची फास्ट लोकल दिवा मागे टाकून डोंगरात शिरली की लेडीज डब्यात असा दणदणाट व्हायचा की मांडीला मांडी लावून बसलेलीचंही ऐकू येत नसे. मग जी जिथे असेल तिथे थांबायची. ‘सासूबाई काल मला म्हणाल्या...’ आणि बोगदा. मिनिट-सव्वा मिनिटाने कळव्याकडचा उजेड आत आला की सासूबाई जिथे थांबल्या होत्या तिथूनच पुढे बोलू लागत. पावसाळ्यात खिडकी लावलेली असली तर काळोखात काचेचा आरसा व्हायचा. कुणी त्यात टिकली सरळ करून घ्यायची, कुणी नुसतीच बघत राहायची. एवढ्या गर्दीत गप्प बसायची परवानगी तेवढीच.

आगगाडी १८५३ च्या एप्रिलात ठाण्याला आली आणि पुढच्या वर्षी १ मे रोजी कल्याणला पोचली, ती मुंब्र्याच्या अंगाने, खाडी धरून. डोंगराच्या थेट पोटातून जाणारा हा १.३ किलोमीटरचा बोगदा जीआयपी रेल्वेचा, १९१६ पासून वापरातला. वळसा टळला आणि घाईवाल्यांची सोय झाली.

असाच डोंगराच्या पोटातून जाणारा, होकुशिन नावाचा एक रेल्वेमार्ग जपानमधल्या कोबे शहरात आहे. साडेसात किलोमीटर, स्टेशनं दोनच: शिन-कोबे आणि तानिगामी. मध्ये रोक्कोचा डोंगर, म्हणून जवळजवळ सगळा मार्गच बोगदा. १९८८ साली सुरू झालेल्या या एवढ्याशा रस्त्याचं तिकीट लोकांना फार महाग पडे. जून २०२० मध्ये शहराने तो आपल्याकडे घेतला आणि तानिगामी ते सान्नोमिया हे भाडं ५५० येनवरून २८० वर आलं. मला मात्र त्यातल्या आठ मिनिटांच्या काळोखाचंच कुतूहल. आठ मिनिटं अर्धं वाक्य तोंडात धरून बसायचं! अर्थात तिथे गाडीत मुळात बोलतातच हळू. तोडायला वाक्य हवं ना.

आमचा बोगदा फेब्रुवारी २०२२ मध्ये सुटला. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली, बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला आणि फास्ट लोकल मुंब्र्यावरून जाऊ लागली. आता एकीकडे खाडी, दुसरीकडे डोंगर आणि वर मुंब्रादेवी. काहीजणी चालत्या गाडीतून हात जोडतात. उजेड आहे, वारा आहे, फोनची रेंजही तुटत नाही. तक्रारीला जागा नाही. पण डोंबिवलीत सुरू झालेली बडबड ठाण्यापर्यंत अखंड चालते, आणि घर नेमकं कुठे संपलं आणि ऑफिस कुठे सुरू झालं, ते कळत नाही.

परवा नाशिकहून एक्स्प्रेसने येत होते. शेजारी पहिल्यांदाच मुंबईला निघालेल्या एक बाई. कल्याणपासून लेकीच्या बाळंतपणाचं सांगत होत्या. दिवा गेलं, दणका सुरू झाला, मी सवयीने मान वळवली. काचेत मला त्या दिसत होत्या. थांबल्या नव्हत्या, ओठ हलत होते, हात हलत होते, डोळे पुसणं झालं, हसणंही झालं. उजेडात आलो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘असं झालं बघा सगळं.’