ठिगळांत जपलेली गुलामी

गिरगावातल्या खोताच्या वाडीत शिरणारा माणूस घरं बघून पहिल्यांदा ‘पोर्तुगीज धाटणी’ हेच शब्द काढतो. बाहेरून चढणारे लाकडी जिने, व्हरांडे, कौलं, दारातला क्रूस. दादोबा वामन खोतांच्या या वाडीत एकेकाळी ६५ घरं होती, आता तिसाच्या आत उरली आहेत. त्यामुळे कौतुकात हळहळही मिसळते, आणि ती रास्तच आहे. वाडी वसली ती इंग्रजी अमलात. पोर्तुगीजांची आठवण आली ती घरांच्या घडणीतून. पण त्याच पोर्तुगीजांच्या जहाजांनी मोझांबिकहून माणसं आणून गोव्यात विकली, ही आठवण कुठल्याच जिन्यावर, कुठल्याच कौलावर नाही. १५८०च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटन या डच माणसाने भर रस्त्यात घोड्यांबरोबर माणसांचाही बाजार भरलेला पाहिला आणि लिहून ठेवला. पाहणाऱ्याची बाजू अशी कागदावर आली. विकल्या गेलेल्यांची आली नाही.

ज्यांनी स्वतःचं काही लिहून ठेवलेलं नाही, त्यांची आठवण मांडायची कशी?

मराठीत या प्रश्नाला पहिल्यांदा हात घातला जोतीराव फुल्यांनी. १८७३ साली ‘गुलामगिरी’ निघाली. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली आहे, हे आपण अभिमानाने सांगतो आणि पुस्तकाची घडण मात्र विसरतो. शूद्रातिशूद्रांच्या पूर्वजांची बखर जोतीरावांना कोण देणार होतं? त्यांनी घराघरांतला बळीराजा उचलला, वेशीवरचा म्हसोबा, जेजुरीचा खंडोबा उचलला. पुराणांतले मत्स्य, वराह, नरसिंह कापून काढले आणि सगळे तुकडे नव्याने जुळवले, तेव्हा अवतारकथांच्या जागी हरलेल्या माणसांचा इतिहास दिसू लागला. त्यातल्या तपशिलांवर इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा. मला ती रीत मोलाची वाटते. जेत्याच्या गोष्टीला कात्री लावायची आणि हरलेल्याची लोककथा तिच्या शेजारी शिवायची, हे चित्रकलेतल्या कोलाजच्या कितीतरी आधी मराठी गद्याने केलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. त्या काळात नाशिकजवळच्या शरणपूरला गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मिशनच्या आश्रमात सुतारकाम, लोहारकाम शिकत होती. तिथेच शिकलेला जेकब वेनराइट, १८७३ साली आफ्रिकेत वारलेल्या लिव्हिंगस्टन या प्रवाशाचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता. अमेरिकेतला गुलाम आपल्या विचारात आला. नाशिकचा फारसा आला नाही.

पुढे जवळपास शंभर वर्षांनी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्याच सुमाराला न्यू यॉर्कमध्ये फेथ रिंगगोल्ड ही चित्रकार कॅनव्हास सोडून कापडाकडे वळत होती. तिची खापरपणजी गुलामीत जन्मली होती आणि मालकांसाठी गोधड्या शिवायची. खापरपणतीने ती गोधडीच चित्राची भिंत केली, तिच्यावर गोष्टी लिहिल्या. १९८८च्या ‘टार बीच’मध्ये एक मुलगी हार्लेमच्या गच्चीवरून आकाशात उडते. गुलाम उडून मायदेशी परत जातात, या जुन्या लोककथेचं ते बीज.

आपल्याकडची अशी गोधडी मुंबईपासून फार लांब नाही. गोव्यातून जीव घेऊन सह्याद्रीच्या रानात पळालेल्या गुलामांचे वंशज म्हणजे उत्तर कन्नडमधले बरेच सिद्दी. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांत ते राहतात. कोकणी, मराठी, कन्नड बोलतात. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांत आहेत. त्यांच्या बाया कवंदी नावाची गोधडी शिवतात. खाली जुनी साडी अंथरायची, एका कोपऱ्यापासून सुरुवात करून फाटक्या कपड्यांचे तुकडे कडेकडेने लावत, धावदोऱ्याने शिवत शिवत मध्यावर पोचायचं. चार कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं बसवायची. फुलांशिवाय कवंदी उघडीनागडी वाटते, असं त्या मानतात. ख्रिस्ती घरात तिच्यावर क्रूस येतो, मुसलमान घरात चंद्रकोर.

कवंदीच्या रंगसंगतीत थेट आफ्रिका शोधण्याचा मोह अभ्यासकांना होतो. मला तो आवरावासा वाटतो. शेजारपाजारच्या मराठी आणि कन्नड बायकाही अशाच गोधड्या शिवतात, आणि कवंदी आधी पांघरूण आहे, मग कला. तिच्यावर बेड्या किंवा जहाज चितारलेलं नसतं. गुलामीची आठवण मला तिच्या रीतीत दिसते. हाती नवं कापड येणार नाही हे धरूनच ती सुरू होते, आणि कुठलाही तुकडा दुसऱ्यासारखा दिसावा म्हणून धडपडत नाही. रिंगगोल्डने जे जाणूनबुजून केलं, ते इथे नावाशिवाय चालत आलं आहे.

नावाशिवाय, हेच खटकतं. कवंद्या आता शहरांतल्या दालनांत पोचल्या आहेत, आणि खोताच्या वाडीतही ४७-ए हे दालन जुन्या घरातच उभं आहे. गुलामाचं पहिल्यांदा हिरावलं जातं ते नावच. म्हणून अशी दालनं चालवणाऱ्यांना आणि विकत घेणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: खाली नुसतं ‘सिद्दी गोधडी’ लिहून थांबू नका. शिवणारीची परवानगी घेऊन तिचं नाव, गाव आणि तालुका लिहा, आणि किमतीतला किती वाटा तिच्या हाती गेला तेही लिहा. लिहिलेलं नसेल, तर विचारा.