निरोपाचा धर्म

घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, हा संस्कार आपणांपैकी बहुतेकांवर बालपणीच झालेला असतो. चुकून ‘जातो’ असा शब्द तोंडून निघाला, तर घरातील वडीलधारी बाई आपणांस उंबरठ्यावरून मागे बोलावून तो सुधारून घेत असे. या लहानशा रीतीत मोठे शहाणपण आहे, यात संशय नाही. तथापि याच रीतीच्या आडोशास आपण थोडा भ्याडपणाही दडवून ठेविला आहे की काय, अशी शंका अलीकडे मला वारंवार येऊ लागली आहे, आणि तीच आज सभासद कुटुंबांपुढे ठेवावयाची आहे. जेथे परत भेट होणे संभवत नाही, तेथेही ‘येतो’ म्हणत राहावे काय? ज्याचा वियोग निश्चित झाला आहे, त्यास किंवा त्याच्या आप्तांस तो कळू न देणे, हे प्रेम म्हणावे की प्रेमाने शोधलेली पळवाट?

प्रश्न केवळ पुस्तकी नाही. त्याचे उत्तर चुकविल्याचे दुःख मी स्वतः दोनदा भोगले आहे, म्हणूनच लिहावयास बसलो.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझी आई शेवटच्या दुखण्याने अंथरुणास खिळली. डॉक्टरांनी आम्हां भावंडांस बाजूस घेऊन परिस्थिती स्पष्ट सांगितली होती. आम्ही एकमताने ठरविले की आईस काही कळू द्यावयाचे नाही. एके दुपारी ती आपण होऊन म्हणाली, “देवघरातली लहान समई धाकटीला द्या. आणि शेजारच्या काकींना एकदा बोलवा, त्यांच्याशी माझे थोडे बोलणे राहिले आहे.” आम्ही घाईघाईने म्हणालो, “आई, असे अभद्र काय बोलतेस? येत्या चवथीला नेवऱ्या तूच करणार आहेस.” आईने आमच्याकडे क्षणभर पाहिले, ‘बरे’ म्हणाली आणि कूस बदलली. काकींना आम्ही बोलाविले नाही. बोलाविले तर आईस संशय येईल, अशी आमची समजूत. त्या दोघींत सीमेवरच्या एका फणसाच्या झाडावरून कित्येक वर्षे अबोला होता. आठवड्याच्या आत आई गेली. तेराव्याच्या दिवशी काकी आल्या, पण घरात न शिरता खांबाला टेकून उभ्या राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, “मला एक हाक मारायची होतीत.”

आज विचार करता असे दिसते की आई फसली नव्हतीच. सत्य तिला आमच्याआधी कळले होते. आम्हांस ते सोसवत नाही हे ओळखून तिने आमच्यासाठी गप्प बसणे पत्करले. मरणाऱ्या माणसाचा भार हलका करावयाचा, तो आम्ही आमचा भार तिच्यावर टाकिला.

एवढ्यावर शहाणपण यावयास हवे होते. ते आले नाही. गेल्या काही वर्षांतली गोष्ट. आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा चौदा वर्षे होता. नातीचा जन्म झाला तेव्हापासून तो तिच्या पाळण्याखाली बसे. एके सकाळी तो अंगणातच निपचित पडला. नात शाळेत गेलेली. ती येण्याआधी आम्ही त्यास परसात माडाखाली पुरले, जमीन सारवली आणि तिला सांगितले की मोती आता म्हातारा झाला, त्याला एका ओळखीच्यांच्या कुळागरात ठेविले आहे. ती दर रविवारी त्याच्यासाठी अर्धी भाकरी बाजूस काढू लागली आणि ‘कुळागरात कधी जायचे’ म्हणून विचारू लागली. तीन महिन्यांनी कोणाच्या तरी बोलण्यातून तिला खरे कळले. ती फारशी रडली नाही. तिने मला एकच प्रश्न विचारला, “मी शाळेतून येईपर्यंत का थांबला नाहीत?” दोन तासांचा प्रश्न होता, वाचकहो, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. मग तिने जागा दाखवावयास सांगितली. तेथे तिने तांब्याभर पाणी घातले आणि किंचित वेळ बसून आत आली. तीन महिने आम्ही जे तिच्यापासून दूर ठेविले होते, ते तिने पाच मिनिटांत उरकले.

या दोन प्रसंगांनंतर मी आपल्या जुन्या ग्रंथांकडे या दृष्टीने पुन्हा वळलो. महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वात युधिष्ठिराची हिमालयाची वाट आपणां सर्वांस ठाऊक आहे. द्रौपदी पडली, एकेक भाऊ पडला, आणि धर्मराज मागे न पाहता चालत राहिला. शेवटी रथ घेऊन इंद्र आला, तेव्हा सोबत आलेल्या कुत्र्यास सोडून स्वर्गास येण्याचे त्याने नाकारिले. इंद्राचा आक्षेप मोठा मार्मिक आहे: भावांस आणि भार्येस तू वाटेत टाकून आलास, मग या कुत्र्याचेच एवढे काय? युधिष्ठिर उत्तर देतो की ते मृत झाले होते, त्यांस जिवंत करणे माझ्या हाती नव्हते, म्हणून मी त्यांस सोडले. ते जिवंत असताना मी त्यांस सोडले नव्हते. हा मात्र जिवंत आहे आणि माझ्या आश्रयास आला आहे.

या एका उत्तरात निरोप आणि त्याग यांतील भेद स्वच्छ झाला आहे. जोवर काही करण्यासारखे उरले आहे, तोवर बाजूस होणे हा त्याग. करण्यासारखे सर्व करून झाल्यावर हात जोडणे हा निरोप. आईच्या बाबतीत करण्यासारखे पुष्कळ उरले होते. काकींना हाक मारावयाची होती, समई काढून द्यावयाची होती, जवळ बसून ऐकावयाचे होते. आम्ही रात्रंदिवस तिच्या उशाशी होतो हे खरे, परंतु ज्या क्षणी तिने बोलावयास आरंभ केला, त्या क्षणी आम्ही तेथून उठून गेलो, असेच म्हटले पाहिजे.

दुसरे उदाहरण कालिदासाच्या शाकुंतलाच्या चौथ्या अंकातील. शकुंतला सासरी निघते तेव्हा तिने केवळ माणसांचा निरोप घेतला नाही. जिला ती बहीण मानीत होती त्या वनज्योत्स्ना वेलीस तिने आलिंगन दिले, गाभण हरिणीची विचारपूस करण्यास सांगितले, आणि जखमेवर तेल लावून वाढविलेले पाडस पदर ओढू लागले तेव्हा त्याचीही समजूत घातली. कण्वमुनी विरक्त असूनही आपला कंठ दाटल्याचे लपवीत नाहीत. मात्र पाण्याचा काठ आला की शिष्य त्यांस आठवण देतो की प्रिय जनांस जलाशयापर्यंतच पोहोचवावयाचे असते. तेथे थांबून कण्व सांगावयाचे ते सांगतात. ‘हा आश्रम पुन्हा कधी पाहीन?’ असे कन्या विचारते, तेव्हा ‘लवकरच’ असे खोटे आश्वासन ते देत नाहीत. दीर्घकाळ संसार करून, पुत्रावर राज्यभार सोपवून मग पतीसह येशील, असे खरे तेच सांगतात. आणि ती दृष्टीआड झाल्यावर, दुसऱ्याची ठेव परत केली म्हणजे मन जसे स्वस्थ होते, तसे आपले मन झाल्याचे बोलून दाखवितात.

निरोपाचा सारा धर्म मला या प्रसंगात दिसतो. खरे बोलावे, देणेघेणे पुरे करावे, पाण्याच्या काठापर्यंत सोबत जावे आणि तेथून परत फिरावे. काठाच्या आधीच परतणारा निष्ठुर ठरतो. काठावरून न परतणारा मोहात बुडतो, आणि मागे राहिलेल्या ज्यांचे त्याच्यावर ऋण आहे, त्यांचा अपराधी होतो.

आपल्या घरोघरच्या चवथीत हीच शिकवण दरवर्षी गिरविली जाते. उत्तरपूजा झाली, अक्षता वाहिल्या की मूर्ती जागेवरून किंचित हलवितात. हलविणे बोटभरच असते, परंतु ज्या घरात लहान मुले आहेत, तेथे त्या क्षणी त्यांचे चेहरे पाहावेत. देव निघाला हे त्यांस कळते. माटोळीखालची जागा रिकामी होते. मग सारे कुटुंब विहिरीपर्यंत वा नदीपर्यंत जाते. पुन्हा येण्याची प्रार्थना मंत्रातही आहे आणि मुलांच्या आरोळीतही आहे, तरी मूर्ती पाण्यात सोडावयाची ती सोडतोच. तेथे कोणी मुलांस असे सांगत नाही की देव आत निजला आहे. ज्या धर्माने पाच वर्षांच्या मुलास दरवर्षी निरोप देण्यास शिकविले, त्या धर्मातील आम्ही प्रौढ माणसे प्रत्यक्ष प्रसंगी मुलांस आणि आजाऱ्यांस फसवितो, हे आश्चर्यच नव्हे काय?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. प्रत्येक आजाऱ्यास सत्य सोसवेलच असे नाही. मग ते त्याच्या कानी घालणे क्रूरपणाचे नाही काय? मलाही असे वाटत नाही की न विचारलेले सत्य कोणाच्या अंथरुणाशी जाऊन सांगावे. परंतु आजारी माणूस स्वतः दार उघडू लागला, तर ते आपण बाहेरून लावून घेऊ नये. तो समईविषयी बोलू लागला तर समईविषयी बोलावे. एवढा नियम पाळला तरी पुष्कळ झाले.

आणि ज्यांस निरोपाची संधीच मिळाली नाही, त्यांनी काय करावे? २०२० आणि २०२१ या वर्षांच्या महामारीत अनेक कुटुंबांस आपल्या माणसाचे अंत्यदर्शनही घडले नाही. अपघात तर रोजचेच आहेत. अशांस मी आपल्याच गोव्यातील एका गावाचे उदाहरण सांगेन. सांगे तालुक्यातील कुर्डी हे गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे गाव. साळावली धरणाच्या जलाशयात ते १९८६ च्या सुमारास बुडाले, आणि गावकऱ्यांस अन्यत्र वसविण्यात आले. आज त्या जलाशयाचे पाणी दक्षिण गोव्यातील घरोघरी नळाने येते. परंतु दर उन्हाळ्याच्या अखेरीस, साधारणतः मे महिन्यात, पाणी ओसरते आणि गावाची जमीन काही आठवडे उघडी पडते. घरांचे चौथरे दिसू लागतात, वाळलेल्या झाडांचे बुंधे दिसू लागतात. तेव्हा तेथून उठलेली कुटुंबे परत येतात. हिंदू सोमेश्वराचा उत्सव करतात, ख्रिस्ती आपल्या चॅपेलचे फेस्त करतात. वृद्ध माणसे नातवंडांस आपल्या घराची जागा दाखवितात. मग पाऊस लागतो, पाणी चढते, आणि सारे परत फिरतात.

येथे कोणी गाव परत मिळाल्याचा भ्रम बाळगीत नाही. उठताना घाईत जे राहून गेले, ते ती माणसे वर्षावर्षाने थोडे थोडे पुरे करतात. आपल्या पूर्वजांनीही निराळे काय केले? श्रीमंगेश १५६० साली कुठ्ठाळीहून प्रियोळास आला. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. देव उचलून आणता आला, परंतु तेथील माती आणि पाणी मागेच राहिले. तरी ती मूळ स्थाने आपल्या घराण्यांच्या बोलण्यातून आजपर्यंत पुसली गेली नाहीत. ज्या स्थळाचा निरोप घाईत घ्यावा लागला, त्याचे नाव मुलांस सांगत राहणे, हाही निरोपाचाच एक भाग होय.

माणसांच्या बाबतीतही शास्त्राने ही सोय ठेविली आहे. ज्याची मृत्युतिथी कोणास ठाऊक नाही, ज्याच्या अखेरीस कोणी जवळ नव्हते, त्याच्यासाठीही सर्वपित्री अमावास्या आहे. निरोपास उशीर झाला म्हणून तो नाकारला जात नाही, असाच या योजनेचा अर्थ मी लावतो.

त्या अर्थाने मीही एक उशिराचे काम केले. आई गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, एका सर्वपित्रीस, देवघरातील ती लहान समई धाकट्या बहिणीकडे नेऊन दिली. काकी तोवर राहिल्या नव्हत्या. त्यांच्या मुलास बोलावून घरी जेवू घातले आणि आईची ती शेवटची इच्छा त्यास सांगितली. तो ऐकून काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आमच्या आईला हे कळायला हवे होते.” उशिराचा निरोप घेता येतो, परंतु त्यात काही ना काही उणे राहतेच, हे त्याच्या त्या वाक्यातून मला कळले. म्हणून वेळ आहे तोवरच घ्यावा.

विसर्जनाहून परतताना अनेक घरांत पाट रिकामा आणीत नाहीत. नदीकाठची मूठभर वाळू त्यावर ठेवून घरी आणतात, आणि जेथे देव बसला होता तेथे ठेवतात. काठापर्यंत जो गेला, त्यालाच ती वाळू मिळते. ‘येतो’ या शब्दावर माझा राग नाही. तो अवश्य म्हणावा. मात्र ज्यास तो म्हणावयाचा, त्याच्यासमवेत पाण्यापर्यंत चालून जावे आणि मग म्हणावा.