नाइलाजातून उमललेली कमान

कलेतली परंपरा कशी घडते, हे स्पेनमधल्या कोर्डोबाच्या मोठ्या मशिदीत टप्प्याटप्प्याने वाचता येतं. दमास्कसची उमय्यद सत्ता 750 साली उलथली. तेव्हा झालेल्या घराण्याच्या कत्तलीतून निसटलेल्या उमय्यद राजपुत्र अब्दुर्रहमानने 756 मध्ये कोर्डोबा जिंकलं आणि 785च्या सुमारास मशिदीचं काम काढलं. खांब आणले ते जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे. कुणाचा रंग वेगळा, कुणाची उंची वेगळी, आणि एवढ्या विस्तीर्ण दालनाला सगळेच बुटके.

गवंड्यांनी मग कमानीच्या डोक्यावर दुसरी कमान चढवली. खालची घोड्याच्या नालासारखी, वरची अर्धवर्तुळाकार. दोन्हींत फिकट दगड आणि तांबडी वीट आलटून पालटून. छत उंच गेलं, आणि दोन कमानींमधली जागा मोकळी राहिल्याने नजर आरपार जाऊ लागली. यातला एकेक घटक त्या भूमीत आधीपासून होता. नालाकृती कमान व्हिसिगॉथांच्या चर्चमध्ये होती. एकावर एक चढलेल्या कमानी आणि दगड-विटांचे पट्टे मेरिदाच्या रोमन जलसेतूवर आजही दिसतात. नवी होती ती त्यांची सांगड.

खरा विचार करायला लावतो तो दहाव्या शतकातला खलिफा दुसरा अल-हकम. त्याच्या विस्तारासाठी खांब नव्याने घडवले गेले. जुन्या खांबांची अडचण संपली, तरी दुहेरी कमान राहिली. एवढंच नव्हे, मिहराबाजवळ, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याजवळ, तिला पाकळ्या फुटल्या आणि कमानी एकमेकींत गुंफल्या गेल्या. नाइलाजाने सुचलेली युक्ती आता आवडीची झाली होती. मिहराबावरच्या सोनेरी मोझेकसाठी बायझंटाइन सम्राटाकडून कारागीर आला. ख्रिस्ती हाताचं कौशल्य मशिदीच्या सर्वांत पवित्र कोपऱ्यात सन्मानाने बसलं. पुढे 987 मध्ये राज्याचा कारभार हाती असलेल्या अल-मन्सूरने दालन आणखी वाढवलं, तेव्हा कमानींतली वीट गेली आणि दगडावर नुसता तांबडा रंग चढला.

गरज, निवड आणि अनुकरण या परंपरेच्या तिन्ही अवस्था इथे एकाच छताखाली आहेत. त्यातली मधली अवस्था मला सर्वांत मोलाची वाटते. तिथे वारसा मुकाट्याने वाहिला जात नाही, तो समजून पुढे नेला जातो. परंपरेत शुद्धता शोधणाऱ्यांना या मशिदीत पहिल्याच खांबापाशी थांबावं लागेल, कारण तोच मुळी दुसऱ्याचा आहे. कोणतीही संस्कृती आपली ठरते ती उसनं नाकारल्याने नव्हे. उसन्यातून तिने काय उभं केलं, यावर तिचा हक्क ठरतो.