संग्रह आणि लोभ

दिवाळीच्या सुट्टीत संगणकातली गाणी निवडायला बसलो. ११,००० वर फाइली निघाल्या! रोज तासभर ऐकले तरी पाच वर्षे पुरतील. गेल्या पाच वर्षांत मात्र शंभरही ऐकल्या नसतील. मग जमवल्या कशाला? खरे सांगायचे तर ‘आपल्याकडे आहे’ या समाधानासाठी. रसिकतेचे सोंग घेतलेला हा लोभच. म्हणून धडाक्याने पुसत सुटलो.

केसरबाई केरकरांच्या भैरवीपाशी हात अडला. साडेतीन मिनिटांचे ते गाणे, पण प्रती दोन. एक स्वच्छ. दुसरी वडिलांनी ग्रामोफोनपुढे टेपरेकॉर्डर ठेवून उतरवलेली. तीत खरखर, आणि मध्येच त्यांचा खोकला. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर ही भैरवी अवकाशात गेली. माझ्या पुसण्याने तिचे काय बिघडणार? तो खोकला मात्र जगात दुसऱ्या कुणापाशी नाही. गाण्याच्या दृष्टीने तो दोष. वर्गात मी मुलांना दोष खोडायला लावतो (आणि न खोडल्यास गुण कापतो). मग इथे न्याय कोणता? हा खोकला जपणे, हाही लोभच नव्हे काय?

बराच वेळ तसाच बसलो. मग स्वच्छ प्रत पुसली. आता भैरवी ऐकायची, तर खोकल्यासकट.