तास कोणाच्या खिशातला?

सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत दुपारी दोन आवाज असतात. मागच्या शेडमधल्या लूमची खटखट आणि वहिनींच्या घरातल्या झोळीची करकर. जुन्या साडीची झोळी, आत दोन वर्षांचा नातू. झोळीची दोरी वहिनींच्या पायाच्या अंगठ्याला. मांडीवर व्यापाऱ्याकडून आलेली साडी. हात तिच्या उलट्या बाजूचे सुटलेले धागे कापतात, पाय झोका देतो. मुलगा लूमवर बारा तासांच्या पाळीत, सून रिंगरोडच्या मार्केटात पॅकिंगला. मी त्यांची नणंद, मराठी शाळेतली निवृत्त शिक्षिका. माझं म्हणणं सरळ होतं: नातवंड सांभाळतानाही बाईने स्वतःचं काहीतरी चिकाटीने धरून ठेवावं.

मी : वहिनी, दिवसातला एक तास तुमचा हवा. मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा निघाली. साठीपुढच्या बाया गुलाबी लुगडी नेसून पाटी घेऊन बसतात. तुम्हाला तर सहीपुरती अक्षरं येतात. पुढचं मी शिकवते.

वहिनी : त्या शाळेत बसतात तेव्हा घरचं लेकरू कोण बघतं?

मी : बघत असेल कोणीतरी.

वहिनी : ते कोणीतरी म्हणजे मी, ताई.

मी : पण तुम्ही सगळं सोडून दिलंत. भजनात पहिला आवाज तुमचा असायचा.

वहिनी : सोडलं कुठे? एक घास वीसदा भरवते. तुम्ही वर्षानुवर्षं बाराखडी घोकून घेतली, ती चिकाटी. मी याला पाऊल टाकायला शिकवलं, ते काय बसून खाणं झालं?

मी : शाळेत मला पगार होता, सुटीची घंटा होती. तुम्हाला सुटी नाही. जे काम नाकारताच येत नाही, त्याला चिकाटी कसं म्हणू?

वहिनी : बरं, नाकारते. मग याला गावी धाडायचं, नंदुरबारकडे. आईची गाठ आखाजीच्या सणाला आणि दिवाळीला. सांगा, नाकारू?

इथे मी अडले. अंगणवाडीचं नाव काढलं. ती योजना १९७५पासूनची, पण लेकरू बसवून घेतात तीन वर्षांचं झाल्यावर, तेही काही तासच. याला तीन पुरी व्हायला वर्ष आहे. मग कायदा सांगितला: १९४८च्या कारखाना कायद्यात १९७६ला दुरुस्ती झाली आणि तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील त्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक झालं होतं.

वहिनी : या गल्लीत तीसच्या वर बाया धागे कापतात. पण त्यांचा कारखाना एकही नाही, सगळी घरंच. मग तुमचा तो तास कोणाच्या खिशातून काढायचा? सुनेच्या झोपेतून, की पोराच्या पाळीतून?

मी : तरी तास हवाच. लेकरू शाळेत गेलं की तुमच्या हाती काय उरेल?

वहिनी : आपल्या बहिणाबाईंनी तास मागितला होता का? जात्यावर बसून गाणी रचली.

मी : रचली, आणि सोपानदेवांसारखा लेक होता म्हणून ती कागदावर आली. त्या १९५१ला गेल्या, पुस्तक १९५२ला निघालं. झोळीपाशी तुम्ही गाता त्या ओव्या कोण लिहून घेतंय?

वहिनींनी झोळीकडे बोट केलं.

वहिनी : हा घेतोय. कानात.

तेवढ्यात तो उठला. "आजी, माले पानी दे." गल्लीत पोरं हिंदी बोलतात, अंगणवाडीत गुजराती शिकेल, आई रात्री थकून येते. ही अहिराणी बोली त्याच्यापर्यंत पोचायला या मांडीवाचून दुसरी वाट नव्हती. ज्या शाळेचा मी आग्रह धरला होता, ती या घरात रोज भरत होती. फक्त तिथली शिक्षिका मला दिसली नव्हती.

तरीही माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. दिवसभर दोरीला बांधलेल्या पायालाही मोकळं चालावंसं वाटतं. पण खिशाचा प्रश्न खरा होता, आणि रिकामा तास गल्लीत माझ्याकडेच होता.

महिना झाला, दुपारी चार ते पाच नातू माझ्याकडे असतो. पहिल्या दिवशी वहिनी चालायला गेल्या नाहीत, पाटीही घेतली नाही. दार लोटून झोपल्या. मला ते खटकलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "तास माझा म्हणालात ना?" पुढच्या आठवड्यात दोनदा त्या भजनाला जाऊन आल्या. पाटी अजून कोरीच आहे.

आमचा वाद मिटलेला नाही. काहीतरी शिकत राहिलं तरच माणूस ताजं राहतं, असं मला अजून वाटतं. लेकरू वाढवणं हेच पुरेसं मोठं काम आहे, असं त्या अजून म्हणतात. एवढं मात्र माझ्यापुरतं ठरलं आहे: आजीने उत्साही राहावं असं ज्याला वाटतं, त्याने सल्ल्याआधी तिच्या कडेवरचं लेकरू तासभर आपल्याकडे न्यावं. त्या तासात ती शिको, गावो की झोपो, विचारू नये. तुमच्या घरी किंवा शेजारी अशी आजी असेल, तर आज चार वाजता तिचं दार वाजवा.